चारशे बारा माणसांचा दम

नेमसिंग आडे एकतीस वर्षं जिनिंगच्या प्रेसवर होता. रुईची गाठ दाबायची आणि तिला लोखंडी पट्ट्या बांधायच्या, हे त्याचं काम. एका गाठीला आठ पट्ट्या. सात बांधल्या तरी गाठ दिसायला तशीच दिसते. फुटते ती चार दिवसांनी, दुसऱ्याच्या गोदामात, आणि शिव्या खातो तिथला हमाल. म्हणून नेमसिंग प्रत्येक गाठीभोवती एक फेरी मारायचा, पट्ट्यांवर बोट टेकवत. जोडीचे हसायचे. ‘नेम्या, गाठीले प्रदक्षिणा घालून राह्यला काय बे? नारळ आनू?’ तो आधी फेरी पुरी करायचा, मग शिवी द्यायचा.

गुडघे गेले तेव्हा काम सुटलं. लोहाऱ्याच्या पलीकडे त्याचा तांडा, तिथे तो घरी बसला. बसणं त्याला जमलं नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी शहरातल्या एका मेडिकल कॉलेजातले डॉक्टर रजत तांड्यात आले, तेव्हा तो कोणाच्या तरी मोडक्या बैलबंडीचं चाक बसवत होता.

तांड्यात बाहेरचं कुठलंही काम नायकाच्या दारातूनच आत येतं. देवीलाल नायकाच्या अंगणात बैठक बसली. डॉक्टरांनी सांगितलं, कापसाच्या धुळीने जिनिंगच्या माणसांची छाती किती खराब होते ते मोजायचं आहे. एका मशीनमध्ये फुंकायचं. सुई नाही, औषध नाही. त्यावर लेख लिहायचा आणि तो डॉक्टर लोकांच्या मासिकात छापायचा.

सुखीबाई पुढे बसली होती. नेमसिंगची चुलतबहीण. नवरा गेल्यावर माहेरच्या तांड्यात परत आलेली, अठरा सीझन जिनात काढलेली.

‘फुंकून आमाले काय भेटन जी?’ तिने विचारलं.

‘तुमच्या कष्टाची दखल घेतली जाईल, आजी.’

‘आजी कोनाले म्हनता? सेहेचाळीसची हाओ मी.’

अंगण हसलं. डॉक्टरही हसले, पण नायक हसला नाही. ‘लेख तुमाले,’ तो म्हणाला. ‘आमाले काय?’

‘प्रत्येकाला त्याचा रिपोर्ट. मराठीत. छाती कशी आहे, दवाखान्यात जायचं की नाही, सगळं.’

‘हे कोनाच्या शब्दावर?’

डॉक्टर बाहेरचे. त्यांचा शब्द तांड्यात चालत नाही, तांड्यातल्या कोणीतरी तो उचलावा लागतो. नेमसिंग उठला. अंगणासमोरच्या मंदिराच्या पांढऱ्या झेंड्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, ‘माह्या शब्दावर. ज्याची फुंक, त्याचा कागद त्याच्या हातात.’

त्या तांड्याचा रिवाज असा की झेंड्याखालचा शब्द पडला, तर तो माणूस बैठकीत बसतो, पण बोलत नाही. शब्द पुरा होईपर्यंत नाही. त्याला कोणी हाकलत नाही की टोमणा मारत नाही. नुसती त्याच्याकडे कोणी मान वळवत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. नेमसिंगलाही.

मग काम सुरू झालं. मशीन घेऊन वैष्णवी नावाची टेक्निशियन यायची. पंचविशीची, कंत्राटावरची, चपळ. तिची स्कूटी, मागे नेमसिंग, त्याच्या मांडीवर मशीनची पेटी. यवतमाळच्या भोवतीचे जिन, तांडे, वस्त्या झाल्या. एसटीने पांढरकवड्यापर्यंत गेले. माणसं जमवणं नेमसिंगचं काम. तो नुसती जमवून थांबला नाही.

फुंकण्यात एक खुबी असते. नाकाला चिमटा लावायचा, नळीवर ओठ घट्ट मिटायचे आणि छातीतली सगळी हवा एका दमात बाहेर काढायची, सहा मोजेपर्यंत. अशी तीनदा. माणसं कंटाळतात. पहिली फुंक हसण्यात जाते, दुसरी खोकण्यात, तिसरीला म्हणतात झालं ना आता. हटकून होणारी चूक म्हणजे गाल फुगवणं. गाल फुगले की हवा तोंडातच घुटमळते आणि मशीनला खोटा आकडा जातो. नेमसिंग समोर उकिडवा बसायचा.

‘गाल नाई. पोटातून. गालाची फुंक म्हंजे सात पट्ट्याची गाठ. पुन्हा.’

‘काका, मशीननं घेतली ना ती,’ वैष्णवी म्हणायची.

‘म्या नाई घेतली. पुन्हा.’

डोमाजी मुकादम, जो जिनाच्या फाटकावर बाया कामाला घेतो, त्यालाही त्याने चार वेळा फुंकायला लावलं. डोमाजीची तिसरी फुंक तीन मोजेपर्यंत आली आणि तुटली. चौथीही. नेमसिंगने पाचवी मागितली नाही. सुखीबाईने पहिल्याच दमात आठ मोजले आणि वर म्हणाली, ‘अजून हाये. पाह्यजे काय?’

तीन महिन्यांत चारशे बारा माणसं झाली. एकही फुंक गालाची नाही. वैष्णवी नंतर म्हणाली, तिच्या सरांनी आकडे पाहिले आणि इतका स्वच्छ माल कुठून आला म्हणून विचारलं. सर त्या तीन महिन्यांत दोनदा आले होते. दोन्ही वेळा फोटो काढायला.

दीड वर्ष गेलं. नेमसिंग मधूनमधून फोन करायचा. कागद कधी येतात? येतील काका, लेख छापून येऊ द्या.

या पावसाळ्यात लेख आला. त्याच्यामागोमाग मासिकाच्या कचेरीतून डॉक्टरांना सूचनाही आली, की लेख नुसता छापून चालत नाही, तो फिरवा. छोटा व्हिडिओ करा, चित्र टाका, दोन ओळींत सार सांगा, मित्रांना पाठवायला लावा. लेखाच्या पानावर एक रंगीत चकती असते, तिच्यात आकडा. जितकं फिरेल तितका आकडा वाढतो. वाईट त्यात काही नव्हतं. चांगली गोष्ट चार लोकांना कळावी, यात काय वाईट? वाईट पुढे झालं.

दसऱ्यानंतर पहिला कापूस आला तेव्हा डॉक्टर दोन कॅमेरेवाले घेऊन एका व्यापाऱ्याच्या आवारात आले. नेमसिंगला म्हणाले, ‘काका, एक चांगला चेहरा द्या.’ नेमसिंगने सुखीबाईला आणलं. रोजच्या साडीत आली. डॉक्टरांना ती साडी चालली नाही. तांड्यातल्या एका म्हातारीच्या पेटीतून फेटिया-कांचळी मागवली, आरशांची, कवड्यांची. सुखीबाईने तसा पेहराव स्वतःच्या लग्नानंतर अंगाला लावला नव्हता. तिला कापसाच्या गंजीपुढे बसवलं. मशीन बंद होतं, नळी कशालाच जोडलेली नव्हती.

‘फुंका. अजून. गाल फुगवा, आजी, गाल!’

नेमसिंग म्हणाला, ‘साहेब, गाल नाई फुगवत.’

‘काका, फोटोत दिसलं पाहिजे ना.’

मग डॉक्टर स्वतः गंजीवर चढले. बूट घालून. जिनात चौदा वर्षांचं पोरही चपला काढून कापसावर चढतं. पुढे त्या कापसाचं सूत होणार असतं, कापड होणार असतं, कोणाच्या तरी अंगाला लागणार असतं. डॉक्टर वर उभे राहून हात हलवत बोलत राहिले. नेमसिंग त्या बुटांकडे पाहत राहिला. तोंडात आंबट पाणी आलं. पण शब्द दिला होता आणि कागद यायचे होते, म्हणून त्याने ते गिळलं.

आठवड्याने त्याच्या फोनवर डॉक्टरांचा निरोप आला. ‘काका, आपलं काम बाहेर आलं. तुमच्या सगळ्या लोकांना पाठवा.’ खाली एक निळी ओळ.

नेमसिंगने ती दाबली. तांड्यात नेटवर्क हापशापाशी येतं, तेही कधीमधी. चाक फिरत राहिलं. उघडलं काहीच नाही. त्याचा फोन जुना होता. पण त्याला वाटलं, आले कागद. प्रत्येकाने आपल्या फोनवर उघडावं, आपलं नाव शोधावं. आजकाल निकाल असेच येतात, पोरांचे बारावीचेही.

मग त्याने ते काम केलं, जसं तो कुठलंही काम करायचा. यादी काढली. एका वेळी पाचच जणांना पाठवता येतं, म्हणून पाच-पाच. ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्या लेकाच्या फोनवर. प्रत्येक नावापुढे दोन खुणा आल्या का ते पाहायचं, मग यादीवर बोट पुढे न्यायचं. दोन दिवस लागले. चारशे बारा. त्या संध्याकाळी तो नायकाच्या अंगणात जाऊन बसला आणि म्हणाला, ‘गेले कागद.’

दिवाळी झाली, सीझन लागला. पहिल्याच दिवशी सुखीबाई दहा वाजता जिनातून परत आली. डबा तसाच भरलेला.

‘भिया,’ ती नेमसिंगला म्हणाली, ‘मले फाटकातूनच वापस केलं.’

‘काहून?’

‘मुकादम म्हनते, तुह्यात दम नाई राह्यला. उद्या मशीनपाशी पडली तं शेठ मले पकडन. म्हने, फोनवर पाह्यलं.’

‘काय पाह्यलं?’

‘मले काय इचारतं? पाठवलं कोनं म्हनून म्या इचारलं, तं त्यानं नाव दाखवलं. तुह्यंच होतं.’

ती आवाज चढवून बोलली नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दोघं हापशापाशी गेले. तिच्या सुनेच्या फोनवर चाक फिरलं, थांबलं, उघडलं.

सुखीबाईचा चेहरा, पडदाभर. गाल बेडकासारखे फुगलेले, डोळे बाहेर आलेले, आरशांची ओढणी. खाली लाल अक्षरांत: ‘कापसाने खाल्लेली फुप्फुसं.’ मागे रडवं संगीत. मग डॉक्टर, गंजीवर, बुटांसकट. मग पुन्हा सुखीबाई, हळूहळू काळी-पांढरी होत जाणारी, मेलेल्या माणसाच्या फोटोसारखी. कोणाचाही कागद नाही की नाव नाही. दोन लाख माणसांनी ते पाहिलं होतं. खाली हात जोडलेल्या खुणा, रडणारे पिवळे चेहरे, लाल बदाम. ‘बिचारी.’ ‘सर, ग्रेट वर्क.’ ‘आजींचे दागिने किती छान.’

नेमसिंगने फोन तिच्या हातात परत दिला. हापशाच्या गटाराशी गेला आणि थुंकला. पुन्हा थुंकला. त्याला डॉक्टरांची शिसारी आली, ती येणारच होती. पण त्याहून जास्त स्वतःची आली. हे घाणेरडं पान पाच-पाच करून, खुणा तपासून, एकही घर न चुकवता त्यानेच घरोघर टाकलं होतं.

त्या संध्याकाळी नायकाच्या अंगणात बैठक होती, पाण्याच्या टाकीची. नेमसिंग गेला. बसला. बोलला नाही. कोणी विचारलंही नाही. देवीलाल नायकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर टाकीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात गेला. डॉक्टरांच्या खोलीत पुन्हा शूटिंग चाललं होतं. कॅमेरा, पडदा आणि एका मोठ्या खोक्यावर ठेवलेला गोल दिवा. कोपऱ्यात वैष्णवी कॉम्प्युटरपाशी. तिचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं.

‘या काका! वेळेवर आलात. चकती शंभरच्या पार गेली. तुमचाच हात आहे त्यात. आता एक करा, इथे बसा आणि तुमच्या बोलीत दोन वाक्यं बोला. ऑथेंटिक वाटतं.’

‘साहेब, पयले तो फोटो काढून टाका. सुखीबाईचं काम गेलं.’

‘काम गेलं? का?’

‘तिची छाती सडली म्हनून. तुमीच लिवलं ना.’

डॉक्टर थोडे गडबडले. मग म्हणाले, ‘काका, तो प्रतीकात्मक आहे. एका बाईबद्दल नाहीये. सगळ्या कामगारांबद्दल आहे.’

‘तोंड तं एकाच बाईचं हाये.’

‘आता काढून टाकला तर पोहोच घटते. मासिकवाल्यांनी स्वतः पुढे पाठवलाय. जरा मोठा विचार करा. हे तुमच्यासाठीच चाललंय ना?’

नेमसिंग वैष्णवीकडे वळला. ‘बाई, किती लोकाईची छाती खराब निघाली?’

वैष्णवीने सरांकडे पाहिलं. मग पाहायचं सोडलं. ‘सत्याण्णव, काका. चारशे बारांपैकी. लेखात बरोबर लिहिलंय. व्हिडिओत सगळेच आजारी झाले.’

‘अन् सुखीबाई?’

‘तिची फुंक तिच्या वयाला जेवढी हवी त्याच्या एकशे चार टक्के. बायांमध्ये पहिली.’

‘अन् तो लेख किती जनाईनं वाचला?’

‘उघडला अडतीस जणांनी.’

‘अडतीस,’ नेमसिंग म्हणाला. ‘आमी फुंकनारेच चारशे बारा होतो.’

कॅमेरेवाल्याने दिवा थोडा सरकवला. मग नेमसिंगने विचारलं, ज्यासाठी तो दीड वर्ष फोन करत होता. ‘कागद कुठी हायेत?’

वैष्णवीने बोट दाखवलं. गोल दिव्याखालचं खोकं. ‘एप्रिलमध्येच छापले मी. प्रत्येकाचं पाकीट बंद, वर नाव. ज्यांना दवाखान्याची गरज आहे त्यांना तसं लिहिलंय.’

‘वाटणारच होतो,’ डॉक्टर घाईने म्हणाले. ‘कार्यक्रम घेऊन. पाहुण्यांच्या हस्ते. त्यांची तारीख मिळत नाहीये. शूटही करायचंय व्यवस्थित.’

एप्रिल ते नोव्हेंबर. सत्याण्णव माणसांना दवाखान्यात जा म्हणून सांगणारे कागद सात महिने दिव्याचा पाट होऊन पडले होते. नेमसिंगला किळस आली, त्या उजेडाची, पावडर लावलेल्या डॉक्टरांच्या कपाळाची.

तो खोक्यापाशी गेला. गोल दिवा उचलला आणि जमिनीवर ठेवला. नीट ठेवला, वायर न ताणता.

‘अहो काका, लाइट!’

‘तुमचा लाइट हा घ्या. हे आमचं हाये.’

‘असं नेता येणार नाही. गोपनीय असतं ते!’

‘सर, पाकिटं बंद आहेत,’ वैष्णवी उठून म्हणाली. ‘त्यांचेच रिपोर्ट आहेत. फॉर्मवर आपणच लिहिलंय, देऊ म्हणून. काका, ज्याचं त्याच्याच हातात द्या. बायकोच्याही हातात नको.’

‘मले सांगू नका, बाई.’

आणि त्याने खोकं खांद्यावर घेतलं. गुडघे करकरले. खोकं गाठीच्या मानाने काहीच नव्हतं, पण जिना दोन मजली होता.

फाटकावर तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गेला, सुखीबाईला घेऊन. बाया आत चालल्या होत्या. डोमाजी मुकादम खुर्ची टाकून बसला होता, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा.

‘नेमसिंगभाऊ, मले त्रास नोको देऊ. शेठनं पाह्यला तो व्हिडिओ.’

‘त्रास नाई देत. तुहा कागद द्याले आलो.’

‘माहा?’

‘तू फुंकलाता ना? हे घे. घरी जाऊन उघड.’

डोमाजीला दम धरवला नाही. तिथेच फाडलं. वाचलं. खर्रा चघळायचा थांबला. नेमसिंग दुसरीकडे पाहत उभा राहिला, आत चाललेल्या ट्रककडे. त्या कागदात काय असणार हे त्याला दोन वर्षांपासून माहीत होतं. तिसरी फुंक, तीनवर तुटलेली. त्याने मोठ्याने एक वाक्य म्हटलं असतं तर फाटकावरच्या चाळीस बाया हसल्या असत्या, शेठने नवा मुकादम शोधला असता. तो बोलला नाही.

डोमाजीने कागद चार घड्या करून खिशात खोल घातला. ‘कोनाले सांगतलं?’

‘पाकीट बंद होतं. अन् बंदच हाये.’

मग सुखीबाईने आपलं पाकीट पुढे केलं. डोमाजीने वाचलं, पुन्हा वाचलं. तिच्याकडे पाहिलं. ‘एकशे चार?’

‘मशीन शंभरावर थांबत नाई काय, मुकादमदादा?’ सुखीबाई म्हणाली. ‘अजून होतं माह्यापाशी. यायनं थांबवलं.’

‘जाय. आत जाय. पन मशीनपाशी नाई, कवडी निवडाले बस. शेठ पाहीन तं मी काय सांगू?’

कवडी म्हणजे डागी कापूस. बाहेर उन्हात बसून निवडायचा. अठरा सीझन मशीनपाशी काम केलेल्या बाईला. सुखीबाईने पदर खोचला. ‘बसतो. शेठ आला का हा कागद त्याले वाचून दाखवजो,’ असं म्हणून ती आत गेली, आणि मागे वळून म्हणाली, ‘गाल फुगवून नोको वाचू, भल्ला वाईट दिसतं.’

चौथ्या दिवशी तिला आत मशीनपाशी घेतलं. कशाने, ते डोमाजीने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. डोमाजी मंगळवारी सुट्टी घेऊन दवाखान्यात गेल्याचं मात्र बायांनी पाहिलं.

फोटो अजून तिथेच आहे. चकती वाढतेच आहे. डॉक्टरांनी नव्या अभ्यासासाठी नेमसिंगला दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्याने उचलला आणि म्हटलं, ‘फोटो काढून टाकला?’ उत्तर लांबलं, तेव्हा त्याने बंद केला. दुसऱ्यांदा उचलला नाही.

त्याला वेळ नव्हता. तो खोकं घेऊन फिरत होता, पायी, एसटीने, कधी कोणाच्या गाडीवर. प्रत्येक घरी एकच पद्धत. आधी पाकीट त्याच्या हातात. मग म्हणायचं, ‘आता फोन काढ. म्या पाठवलंतं ते पुसून टाक. माह्यापुढे.’ माणूस म्हणायचा, ‘राहू दे ना गा, काय बिघडते?’ नेमसिंग उकिडवा बसायचा आणि उठायचा नाही. पुसलं की यादीवरून बोट एक नाव पुढे. दोन दिवसांत पसरवलेलं आवरता आवरता पाच आठवडे गेले.

तीनशे ऐंशी झाल्यावर देवीलाल नायकाने त्याला रस्त्यातच गाठलं. ‘नेमसिंग, पुरे झालं. बाकीचे ऊसतोडीले गेले, कोनी हैदराबादले. तू बैठकीत बोल आता. तांड्याचं काही म्हननं नाई.’

‘बत्तीस राह्यले.’

‘ते फागुनात येतीन होळीले.’

‘मंग होळीले बोलतो,’ नेमसिंग म्हणाला, आणि खोकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.